समुद्राकडे पाठ

२०२२ साली उत्तनच्या टेकडीवर गोल्फचं मैदान झालं. आज तिकडे गेलात तर गंजलेली जाळी आणि तिच्यातून बाहेर आलेलं गवत एवढंच दिसेल. पण त्या साली भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या बसमध्ये बसलेला जो तो तीच गोष्ट काढायचा. मिठागरं मागे पडली, खाडीचा वास जाऊन समुद्राचा वास सुरू झाला, की कुणीतरी खिडकीतून बोट दाखवायचं. ती बघा, ती टेकडी.

टेकडीच्या समुद्राकडच्या टोकाचा तुकडा इंदुबाईचा होता. सासूने मरण्याआधी तो मुलाच्या नव्हे, सुनेच्या नावावर केला होता. गावात तेव्हा बरीच कुजबुज झाली. पण त्या तुकड्यावर घराची खूण होती, आणि त्यांच्या घरात खूण बघायची पुरुषांनी, सांभाळायची बायकांनी, अशी रीत होती.

समुद्रावर रस्ते नसतात. मासळीची चांगली जागा पुन्हा सापडायची तर किनाऱ्यावरच्या दोन वस्तू होडीतून एका रेषेत आणाव्या लागतात. इंदुबाईच्या घराची खूण म्हणजे किनाऱ्याजवळचा एकटा ताड आणि त्याच्या वर, टेकडीच्या टोकावरचा पुरुषभर उंचीचा दगड. दगडाच्या समुद्राकडच्या अंगाला चुना लावलेला. होडीतून बघताना ताड त्या पांढऱ्या दगडाच्या बरोबर मधोमध आला, की होडी रेषेवर. दुसरी रेघ दीपस्तंभाची होती, ती सगळ्या गावाला ठाऊक. दोन्ही रेघा एकमेकींना जिथे कापतात तिथे पाण्याखाली खडप, म्हणजे खडकाळ तळ, होतं आणि खडपाला घोळ मासा. कोळ्याच्या घरात सोनं एक वेळ शेजारणीला दाखवतील, खूण दाखवणार नाहीत. इंदुबाईच्या नवऱ्याकडे, लीलाधरकडे, मोबाइलवर जीपीएस होतं. तो ते चालू करून होडीत ठेवायचा आणि जायचा मात्र खुणेवर.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी इंदुबाई चुन्याची बादली घेऊन टेकडीवर जायची. समुद्राकडे पाठ करून, दगडाकडे तोंड करून चुना लावायची आणि तशीच बाजूच्या पायवाटेने खाली उतरायची. दगडाच्या मागे जायचं नाही. दगडामागून, ताडावरून, समुद्राकडे बघायचं नाही.

"खुणेकडे समुद्रातून बघायचं असतं गो," सासूने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "खुणेतून समुद्राकडं बघायचं नसतं."

"का?"

"मी न्हाय कधी इचारलं. तू पण इचारू नको."

आणि इंदुबाईने विचारलं नाही. सत्तरीला आली तरी आपल्याच जमिनीवरून समुद्र कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. घरात असा एखादा कोपरा असतोच, जिथे आपण पाय ठेवत नाही.

टेकडीवरचे बाकीचे तुकडे एकेक करून एका कंपनीकडे गेले. मग तिच्याकडेही माणसं येऊ लागली. एकजण बंगल्यांचं चित्र घेऊन आला. त्यात टेकडी पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली होती आणि दगडाच्या जागी पोहण्याचा तलाव होता. इंदुबाईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग निहार आला.

निहार चाळिशीचा, ठाण्याचा, त्या कंपनीसाठी गोल्फची मैदानं आखणारा. पहिल्यांदा ती त्याला भेटली तेव्हा तो टेकडीवर गवतात पालथा पडला होता.

"काय रे बाला, पोटात दुखतंय काय?"

"जमीन बघतोय मावशी."

"उभं राहून दिसत न्हाय?"

"उभं राहिलं की सगळं सपाट वाटतं. चढ-उतार इथून कळतो." त्याने बाटलीतलं पाणी गवतावर ओतलं आणि ते कुठे जातंय ते बघत राहिला. "बाकीचे लोक जेसीबी लावतात. मला तो आवडत नाही. जिथे खळगा आहे तिथे खळगा, जिथे खडक आहे तिथे खडक. बॉलला कुठे जायचंय ते टेकडीनेच ठरवावं."

इंदुबाईला तो आवडला. पावसाळाभर तो येत राहिला. तिच्या ओट्यावर बसून सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी खायचा, लीलाधरशी वाऱ्याबद्दल बोलायचा. खारा वारा कुठल्या बाजूने गवत जाळतो, पाण्याचा लोंढा कुठल्या वाटेने उतरतो, हे इंदुबाई त्याला हिंडून दाखवायची. तो कागदावर रेघा काढायचा आणि म्हणायचा, "मावशी, हे मैदान अर्धं तुमचं आहे." ती म्हणायची, "मंग अर्ध्या भागात मेथी लावते." पोटच्या पोराशी इतकं बोलणं होत नव्हतं. पोरगा, विकी, बायकोबरोबर भाईंदर पूर्वेला, नवघरला राहायचा. कुरिअरच्या कामात सकाळी निघायचा तो रात्री उशिरा यायचा. आईला फोन करायचा तो जिना चढता चढता.

तिने जमीन भाड्याने दिली ती निहारकडे बघून. कंपनीच्या कागदावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून सही करायच्या आधी तिने त्याला ओट्यावर बसवलं, मध्ये नारळ ठेवला आणि अट सांगितली. दगड हलवायचा नाही, ताड तोडायचा नाही, आणि दगडामागे कुणी उभं राहून समुद्राकडे बघायचं नाही.

निहारने नारळावर हात ठेवला. "शब्द दिला मावशी."

गणपती उठले आणि रीमाचे दिवस भरत आले. इंदुबाई सुनेच्या बाळंतपणासाठी नवघरला गेली. नात झाली, सान्वी. त्या गडबडीत विकीने सांगितलं की त्याने कुरिअर सोडलं, निहारने त्याला मैदानावर सुपरवायझर म्हणून घेतलंय. इंदुबाईला इतका आनंद झाला की तिने त्याच दिवशी शेजारच्या गुजराती बाईला पेढे दिले. पोरगा गावाकडे परतत होता.

दसऱ्यानंतर ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेली. बाजूच्या पायवाटेने, सवयीप्रमाणे.

दगडाच्या मागे, चार पावलं वर, जमिनीचा एक चौकोन गालिच्यासारखा कापलेला होता. त्यावर दोन छोट्या पांढऱ्या खुंट्या. खेळणारा तिथे उभा राहणार, समोर बघणार. समोर दगड, दगडावरून ताड, ताडामागे समुद्र. खाली ताडाच्या अलीकडे खडकाच्या सपाटीवर हिरवळ होती आणि तिच्यात झेंडा. चौकोनापासून झेंड्यापर्यंतच्या अशा एका टप्प्याला गोल्फवाले होल म्हणतात.

इंदुबाईने नजर खाली केली.

निहार धावतच आला. तो खूश होता, लहान मुलासारखा. "मावशी, बघा तरी! दगड आहे तिथेच आहे. ताडाला हात लावला नाही. उलट दगडाला ऑइल पेंट दिला, दोन्ही बाजूंनी. आता दरवर्षी चुन्याचा त्रास नको तुम्हाला."

"नारळावर हात ठेवला होतास."

त्याचा चेहरा पडला. तो विकीकडे बघू लागला. विकी मागे उभा होता, डोक्यावर क्लबची टोपी, त्यावर निळा मासा.

"आई, मी बोललो त्याला," विकी म्हणाला. "त्याने तीन ठिकाणी बनवून बघितला हा होल. दुसरीकडे बसतच नव्हता. तो तुला विचारायला नवघरला येत होता. मी बोललो, कशाला, मी समजावतो आईला."

"तू सांगितलंस?"

"लोक सी-फेसिंग सी-फेसिंग करून मरतात. आपल्याकडे असून आपण पाठ करून बसायचं? काय लॉजिक आहे?"

"मावशी, हा होल मी केलाच नाही," निहार हळूच म्हणाला. "जमिनीत होताच तो. मी फक्त गवत कापलं."

परक्याने शब्द मोडला याचं दुःख वेगळं. पण खूण कुठली, तिला कुठून बघायचं, हे परक्याच्या हातात देणारा तिने पोटात वाढवलेला होता.

संध्याकाळी तिने लीलाधरला सांगितलं. तो जाळं शिवत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुमाला ठाऊक होतं?"

"पोरगा घरी आला ना गो," तो म्हणाला. "खूण तर उभी हाय. होऊ दे."

त्या रात्री तिने ताट वाढलं, पण त्याच्यासोबत जेवायला बसली नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.

दिवाळीत खेळ सुरू झाला. दुरून गाड्या येऊ लागल्या. आणि थोड्याच दिवसांत विकीच्या तोंडून तिला कळलं की त्या होलवर बॉल हरवतात. नवीन मैदानावर ते होतंच, पण इथे उलटं होतं. डावी-उजवीकडे गेलेले बॉल झुडपात, खडकात मिळायचे. अगदी सरळ, दगडावरून ताडाच्या रोखाने मारलेला बॉल मात्र मिळायचा नाही. खाली माणसं उभी करून बघितली. बॉल येताना दिसायचा. पडल्याचा आवाज व्हायचा नाही.

त्याच दिवसांत लीलाधरला घोळ मिळू लागली. इतकी की गावातल्या म्हाताऱ्यांना जुने दिवस आठवले. आणि खूण, तो सांगायचा, खूण आता काय दिसते! धुक्यात दिसते, धुरक्यात दिसते. पूर्वी तासभर शोधावी लागायची. आता बंदराबाहेर पडलं की डोळ्यांत भरते.

"रंगाची करामत," विकी म्हणाला. "ऑइल पेंट आहे. चुना कुठे चमकतो असा?"

इंदुबाई कोळंबी सोलत होती. समुद्रावर जाणाऱ्याला बंदराबाहेर पडताना जमीन पाठीमागे असते, असं तिच्या मनात आलं. पण नक्की काय खटकलं हे तिचं तिलाच कळलं नाही.

मग एक दिवस लीलाधरने जाळ्यातून आलेली वस्तू आणून ओट्यावर ठेवली. मुठीएवढा गोळा, कालवांनी मढलेला. त्याच्यासोबत होडीवर जाणाऱ्या दिपेशने कोयत्याच्या मुठीने कालवं फोडली. आत पांढरा बॉल निघाला, त्यावर निळा मासा.

"क्लबचाच हाय," लीलाधर हसला. "पोरं लय लांब मारतात."

दिपेश हसला नाही. होड्यांची बुडं खरवडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. "काका, ही कालवं बघा. एकावर एक चढलीत. इतकी व्हायला दहा वर्सं लागतात. तुमचा क्लब कधी उघडला?"

दुसऱ्या दिवशी जाळ्यात तसलेच आणखी आले, ओंजळभर. दिपेशने होडी किनाऱ्याला लागताच आपला डबा उचलला आणि पुन्हा आला नाही.

लीलाधर एकटा जाऊ लागला. एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला, "आज गंमत झाली. जाताना खूण समोर दिसली."

"समोर म्हंजे?"

"म्हंजे होडीच्या नाकासमोर. पश्चिमेला. मागं वळून बघितली, तर मागं पण होती." त्याने भात कालवला. "उन्हानं डोळे दिपतात. वय झालं गो."

दुसऱ्या दिवशी इंदुबाई निहारकडे गेली. तिने हात जोडले नाहीत, ती रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, की तो चौकोन बंद कर, माझा माणूस समुद्रावर असतो.

निहार बारीक झाला होता. "मीही मारला मावशी. आयुष्यात इतका सरळ कधी लागला नव्हता. मग कान देऊन उभा राहिलो. पडल्याचा आवाज आलाच नाही. रविवारी रीतसर उद्घाटनाची स्पर्धा आहे. लोकांना बोलावलंय. तेवढी होऊ दे. सोमवारी मी स्वतः ते गवत उपटतो. शब्द देतो."

"तुझे शब्द ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," इंदुबाई म्हणाली.

घरी येऊन तिने लीलाधरला बजावलं, रविवारी जायचं नाही. तो बरं म्हणाला. रविवारी ती उठली तेव्हा त्याचा बिछाना रिकामा होता आणि ओट्यावरचं जाळं नव्हतं. त्यानेही तिला शब्दच दिला होता.

दुपार झाली. टेकडीवर मांडव घातला होता, गाणी चालू होती. बाकीच्या होड्या परतल्या. लीलाधरची नाही. त्याचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता.

इंदुबाई टेकडीवर चढली. या वेळी बाजूच्या वाटेने नाही. मांडवातून, खुर्च्यांमधून, टोप्या घातलेल्या माणसांमधून सरळ वर गेली. चौकोनावर एक गृहस्थ काठी उचलून उभा होता. तिला बघून बाजूला झाला. विकी धावत आला आणि त्याने तिचा डावा हात धरला. "आई, आता नको. प्लीज."

तिने नजर वर केली.

दगड. ताड. समुद्र.

आणि ताडाच्या अगदी माथ्यावर टेकवल्यासारखी लीलाधरची होडी. हिरवी, लाल पट्टा. इतकी लहान, तरी स्पष्ट. इंजिनाची पांढरी रेघ मागे उठत होती.

ती रेघ किनाऱ्याच्या बाजूला होती. होडी बाहेर चालली होती.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

"अवो, कुठं निघालात?"

"कुठं म्हंजे? घरी." त्याचा आवाज अगदी जवळ होता, शेजारी उभा असल्यासारखा. "उशीर झाला जरा. जाळं भरलं होतं."

"होडी फिरवा. तुमी उलटे चाललात. जमीन मागं हाय."

"काय बोलतेस गो? टेकडी समोर हाय. दगड दिसतो, ताड दिसतो. मांडव पण दिसतो."

"मागं बघा. एकदा मागं बघा."

थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.

"मागं पाणी हाय," तो म्हणाला. मग हसला. "दिसतेस मला. हात कशाला हलवतेस? येतोय."

इंदुबाईच्या उजव्या हातात फोन होता. डावा विकीने धरला होता.

होडी ताडाच्या माथ्यावरून निसटली आणि लहान होत गेली.

शोध झाला. गावातल्या होड्या गेल्या, तटरक्षक दलाची बोट आली, वरून हेलिकॉप्टर फिरलं. समुद्र शांत होता, तेलाचा डागसुद्धा मिळाला नाही. पण फोन वाजत होता. रोज संध्याकाळी लीलाधर फोन करायचा, आणि आलोच, टेकडी समोरच हाय, एवढंच बोलायचा. त्याच्या आवाजात थकवा नव्हता, भूक नव्हती. विकीनेही ते ऐकलं. पोलिसांनी तो फोन कुठून येतोय ते शोधून काढलं, आणि विकीला बाजूला घेऊन सांगितलं की फोन उत्तनच्याच टॉवरवरून येतोय. टेकडीच्या पायथ्याशी आहे तो.

शेवटचा फोन आला तेव्हा रीमा सान्वीला मांडीवर घेऊन बसली होती. इंदुबाईने फोन कानाला लावला, आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"बंदराला लागलो गो," लीलाधर म्हणाला. "तू आलीस पण घ्यायला? कशाला उगीच. पाय दुखतात ना तुझे."

त्याच्या मागे पाण्याचा आवाज होता, माणसांची बडबड होती. टोपली वाळूवर आपटली. मग एक बाईचा आवाज आला, लडिवाळ, थोडा चिडलेला. "कुणाशी बोलता अवो? ठेवा तो. चला, जेवण गार होतंय."

तो आवाज ओळखायला इंदुबाईला वेळ लागला. आपला आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही. रीमाने मात्र ताडकन सासूच्या तोंडाकडे बघितलं होतं. सासूचे ओठ मिटलेले होते.

फोन बंद झाला, आणि नंतर कधी लागला नाही.

निहारने सोमवारी गवत उपटलं होतं, सांगितल्याप्रमाणे. मग त्याने ते काम सोडलं. आता तो ठाण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं घेतो आणि सपाट फरशीवरसुद्धा पाणी ओतून बघतो, असं त्याच्या ओळखीचे लोक सांगतात. मैदानाला पुढे परवानग्या मिळाल्या नाहीत, कंपनी निघून गेली. दिपेश खाडीत खेकडे धरतो, समुद्रावर जात नाही. विकी पुन्हा नवघरला गेला. कुरिअर नाही, एका मॉलमध्ये आत बसून काम करतो. आईकडे रविवारी येतो. ती त्याला जेवायला वाढते, त्याच्याशी बोलतेही, पण त्याने कशाचाही शब्द दिला की ती म्हणते, "बघू." रीमाने सान्वीला अजून टेकडी दाखवलेली नाही.

वर्ष झाल्यावर भावकीतली माणसं आली. देह मिळाला नाही तर दर्भाचा करून दिवस घालतात, तेवढं उरकून घेऊ, म्हणाली. म्हाताऱ्या बायका इंदुबाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघत होत्या. इंदुबाई चुलीपुढे होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"दिवस कुणाचे घालता?" ती म्हणाली. "ते नांदतायत."

तिने कालवणाची चव बघितली, झाकण ठेवलं.

"बाई बरी असंल ती. वेळेवर जेवायला हाक मारते. फक्त कोकम बेतानं घालावं तिनं. त्यांना आंबट सोसत न्हाय, रात्री छातीत जळजळतं. पण हे तिला सांगणार कोण?"